नांगराची निशाणी

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं एखादं कर्जखत पाहायला मिळालं, तर आधी त्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघावं. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही म्हणून तिथे नांगराची आकृती काढलेली असते आणि शेजारी, कागद लिहिणाऱ्याच्या अक्षरात, ‘निशाणी नांगर’ असे शब्द. बाईमाणसाच्या नावापुढे बांगडी. वरचा सगळा मजकूर मोडीत. ज्याने निशाणी केली त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नसे. घेतले किती, फेडले किती, व्याजाचा दर काय, मुद्दल उरलं किती, हे सगळं समोरच्या माणसाच्या वहीत असे आणि ती वही त्याच्या दुकानात असे.

नवं तंत्र आणि नवा पैसा आला की गरिबी हटते का, हा प्रश्न जगभरचे अर्थतज्ज्ञ विचारत आले आहेत. त्याचं उत्तर शोधायला मी या प्रकरणात नगर जिल्ह्यात आलो आहे. 2024 मध्ये त्याचं नाव अहिल्यानगर झालं. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके 14. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याशी भाताची खाचरं आणि मुसळधार पाऊस, पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे ज्वारी-बाजरीचा कोरडा पट्टा. कालवा, साखर कारखाना, संकरित गाय, बोअरवेल, बँक, पतसंस्था, मोबाइल हे सगळं इथे आलं, काही गोष्टी तर देशात सर्वांत आधी इथे आल्या. तरीही एकाच जिल्ह्यात एका गावची माणसं ट्रॅक्टर घेतात आणि दुसऱ्या गावची माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन गाव सोडतात. माझं म्हणणं असं की, पैसा आणि यंत्र कोणाला तारतं आणि कोणाला बुडवतं हे त्या व्यवहाराची वही कोणाच्या हाती आहे आणि ती कोणाला वाचता येते, यावर मोठ्या प्रमाणात ठरतं.

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेत. 1861 ते 1865 तिथे यादवी युद्ध झालं, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची नजर दख्खनकडे वळली. शहरातल्या पेढ्यांनी गावच्या सावकाराला पैसा पुरवला, सावकाराने शेतकऱ्याला. कापूस लावलेल्या एकरामागे 100 रुपये उचल मिळू लागली. त्या काळात 100 रुपये! आजच्या भाषेत याला कर्जपुरवठ्याचा विस्तार म्हणतात. रेल्वे आणि तारायंत्र याच सुमाराला आलेले, म्हणजे तंत्रही नवं. मग युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि शहरातून येणारा पैसा आटला. त्याच वेळी सरकारने जमीन महसुलाची फेरआकारणी केली आणि सारा कुठे दीडपट, तर कुठे दुप्पट झाला. शेतकरी सावकाराच्या दारात गेला, तेव्हा सावकाराने हात आखडला होता.

त्यातच 1859 च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. कर्जखत तीन वर्षांपुरतंच ग्राह्य धरायचं, म्हणजे व्याजावर व्याज फार वर्षं चढणार नाही, असा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात झालं उलट. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घेई. थकलेलं व्याज मुद्दलात मिसळलं जाई आणि त्या मोठ्या रकमेवर नवं व्याज सुरू होई. खाली पुन्हा नांगराची निशाणी.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, आजूबाजूचे शेतकरी गोळा झाले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. (पारनेरचं सुपा वेगळं, हे भीमथडीतलं सुपे.) तिथून लोण श्रीगोंदा, पारनेर, कर्जत आणि नगर तालुक्यांत पोचलं. तिसाहून अधिक गावं पेटली, 951 माणसांना अटक झाली. या उठावाची जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही, की जमावाने माणसांना फारसा हात लावला नाही. त्यांनी मागितले ते कागद. खतं आणि हुकूमनामे बाहेर काढायला लावून त्यांची होळी केली. आपल्याला नेमकं काय बांधून ठेवतं आहे, हे वाचता न येणाऱ्या माणसांनी अचूक ओळखलं होतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्यातली कलमं आजही वाचण्यासारखी आहेत. कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर लिहायचा. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यायची. मागितलं तर पासबुक द्यायचं. न्यायालयाने केवळ कागदावरची रक्कम न पाहता व्यवहार सुरुवातीपासून उलगडायचा. वहीची एक प्रत ऋणकोच्या हाती आली पाहिजे, हा विचार कायद्यात आला तो असा. सावकारांनी त्यावर तोड काढली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत करून घेऊ लागले, म्हणजे व्यवहार कर्जाचा आणि कागद विक्रीचा. ही तोड अजून जिवंत आहे. म्हणून तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात, सावकारीपोटी गेलेली जमीन चौकशीनंतर परत मिळवून देण्याची तरतूद करावी लागली.

आता पन्नास वर्षं पुढे येऊ. 1926 मध्ये प्रवरेवर भंडारदरा धरण पूर्ण झालं. डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडची जमीन भिजवली आणि ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना आला. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या, त्या परत मिळवण्याचा खंडकऱ्यांचा लढा पुढे कित्येक दशकं चालला. स्वतः ऊस लावणाऱ्याला गुऱ्हाळ होतं, पण गुळाच्या भावाचा भरवसा नव्हता.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले धनंजयराव गाडगीळ या पट्ट्यात आले ते मोजायला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभ किती, यावरचा त्यांचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. धरणाचा हिशेब पाणीपट्टीच्या वसुलीवर मांडायची तेव्हाची सरकारी रीत होती. गाडगिळांनी विचारलं की कालव्यामुळे मजुराला किती दिवस काम मिळालं, गाडीवानाला किती, बाजारपेठेत उलाढाल किती वाढली. धरणाकडे असं बघणारा अर्थतज्ज्ञ आणि लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांची गाठ पडली, हा जिल्ह्याच्या इतिहासातला मोठा योग. विठ्ठलरावांना सहकाराचा अनुभव गावच्या पतपेढीपासूनचा होता. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांचं पाठबळ मिळालं. शेतकऱ्यांनी भाग घेतले, सरकारी वित्तसंस्थेचं कर्ज मिळालं आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरचं धुराडं पेटलं. पहिले अध्यक्ष होते गाडगीळ.

इथे तंत्र आणि पैसा एकत्र कसे आले, ते नीट पाहू. यंत्रं तीच होती जी खासगी कारखान्यात असतात. बदलला तो हिशेब. उसाचं वजन, टनामागचा भाव, भाव ठरवणारं मंडळ आणि मंडळ निवडणारी सभा, हे सगळं ऊस घालणाऱ्याच्या आवाक्यात आलं. दर टनामागे ठेवीची कपात होऊ लागली आणि त्या कपातींतून पुढच्या काळात विस्तार, शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. लहान शेतकऱ्याकडून एकरकमी भांडवल कधीच गोळा झालं नसतं, टनामागे थोडं थोडं झालं.

पण सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला पाणी लागतं, आणि पाण्याला कालव्याच्या खालच्या अंगाची जमीन लागते. ज्याला सातबारा नाही त्याचं नाव त्या वहीत नव्हतं. आपल्याकडचा बहुतेक शेती कर्जपुरवठा आजही सातबाऱ्याच्या मागे चालतो. सोसायटीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज, ही सवलत चांगलीच आहे. पण ज्याच्याकडे पीकच नाही त्याला तिचा उपयोग नाही.

ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचंही एक दुखणं आहे. मार्च उजाडला की सोसायटीचं कर्ज भरून लगेच नवं उचलायचं असतं. याला गावात ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. भरायला रोकड नसते, म्हणून चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मिळालं की त्याचे परत करायचे. त्या चार-आठ दिवसांचं व्याज ठरलेलं असतं आणि ते शून्य टक्के नसतं. 1859 च्या कायद्यानंतर दर तीन वर्षांनी लिहिलं जाणारं नवं खत आठवा.

बँका गावात नेणं निरर्थक होतं असं मात्र म्हणता येणार नाही. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेल्या याच गाडगिळांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने 1969 मध्ये प्रत्येक जिल्ह्याचा क्षेत्रनिहाय विचार करा असं सुचवलं आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली. 1977 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घातला: बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा काढायची, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार काढल्या पाहिजेत. 1990 पर्यंत हा नियम टिकला. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी 2005 मध्ये त्याचा ताळा मांडला, तेव्हा शाखा वाढल्या तशी ग्रामीण गरिबी घटली, असं दिसलं. त्या शाखांची थकबाकीही मोठी होती. तरी गरिबाला सावकाराखेरीज दुसरं दार मिळालं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

जमीन नसलेल्यापर्यंत पोचलेलं तंत्र शोधायचं, तर मी गायीकडे बोट दाखवीन. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बाएफ ही संस्था सुरू केली आणि गोठवलेल्या रेताचं कृत्रिम रेतन दारापर्यंत नेलं. संगमनेर, अकोले, राहाता भागात संकरित गायी आल्या. गायीला सातबारा लागत नाही. बांधावरचं गवत, उसाचं वाढं, घरच्या बाईचे कष्ट, यावर ती उभी राहते. दूधवाल्या घरात दर दहा दिवसांनी येणाऱ्या पैशाला ‘पगार’ म्हणतात. या एका शब्दात किती मोठा बदल सामावला आहे! पावसावर जगणाऱ्या कुटुंबाला वर्षातून एकदा-दोनदा पैसा दिसे. महिन्यातून तीनदा ठरल्या दिवशी पैसा येणं म्हणजे किराणा उधारीवर न आणणं, शाळेची फी वेळेत भरणं, औषधासाठी डाग गहाण न ठेवणं. गरिबी म्हणजे कमी मिळणं, हे खरंच. पण ते कधी मिळेल याचा भरवसा नसणं, हाही गरिबीचाच भाग आहे.

दुधाची वहीदेखील तपासून पाहण्यासारखी आहे. फॅट किती लागलं यावर भाव ठरतो आणि फॅट यंत्र सांगतं. यंत्राचा आकडा उत्पादकाला लगेच दिसला, पावती मिळाली, तर ते यंत्र त्याच्या बाजूचं. आकडा आत लिहिला गेला आणि बाहेर नुसती रक्कम आली, तर तेच यंत्र त्याच्या विरुद्ध जातं. आणि वजन-फॅट कितीही चोख असलं, तरी भाव ठरवण्याची जागा दूरच असते. 2024 च्या पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या कोतूळला दूध उत्पादक दिवसच्या दिवस रस्त्यावर बसले होते, लिटरला 40 रुपये भाव मागत.

आता जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डी-शेवगावकडे. शेजारच्या बीडसारखाच हा ऊसतोडणी मजुरांचा मुलूख. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांच्या मोजणीचं एककच हत्यार झालं आहे. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो. ही उचल काही दशकांपूर्वी काही हजारांची असे, आता लाखाच्या घरात गेली आहे. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. 1860 च्या दशकात शहरातल्या पेढीकडून शेतकऱ्यापर्यंत जशी साखळी होती, तशीच ही साखळी आहे. तोडलेल्या टनांमधून उचल फिटते. आजारपणाने दिवस बुडाला तर ‘खाडा’ कापला जातो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. टन किती झाले, खाडे किती, बाकी किती, हे मुकादमाच्या वहीत. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती मजूर संघटनांच्या लढ्याने मिळवलेली. वाढ खरीच आहे. पण दर वाढला तरी हिशेब तोंडीच राहिला, तर वाढलेले पैसे कुठे गेले हे कोयत्याला कळायला मार्ग नाही.

आता ऊसतोडणी यंत्र येतं आहे. किंमत कोटीच्या घरात, त्याला सरकारी अनुदान. यंत्राला सलग मोठं रान आणि रुंद सरी लागते. म्हणून लहान तुकड्यांचा आणि पडलेला ऊस अजून कोयत्याकडेच येतो. हे काम इतकं कष्टाचं आहे की ते यंत्राने केलं तर वाईट काय, असं कुणी म्हणेल. थंडीत पहाटे चिमुरडं पोर पाचटावर निजवून मोळ्या वाहणाऱ्या बाईकडे पाहून मलाही तसंच वाटतं. पण यंत्राचा मालक कोण होणार? अनुदान ज्याच्या नावावर पडतं तो भांडवल जमवू शकणारा असतो. कोयत्यांच्या गटाने मिळून यंत्र घ्यावं, त्यासाठी त्यांना सातबाऱ्याविना कर्ज मिळावं, आणि ज्यांचं काम जाईल त्यांच्या गावात आधी पाणी यावं, असा विचार अनुदानाच्या नियमांइतक्याच तपशिलाने व्हायला हवा.

गावात पाणी आलं की काय होतं, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण, साधारण 400 मिलिमीटर पावसाचं गाव. 1972 च्या दुष्काळानंतर लोक गाव सोडत गेले, दारू आणि भांडणं उरली. 1989 मध्ये तरुण पोपटराव पवार सरपंच झाले. त्याआधी पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीत अण्णा हजारे यांनी 1975 पासून पाणलोटाचं काम उभं केलं होतं, तो नमुना डोळ्यांसमोर होता. हिवरे बाजारने चराई आणि कुऱ्हाड बंद केली, डोंगरावर समतल चर खोदले, श्रमदान केलं. 1990 च्या दशकाच्या मध्यात गावातल्या 180 पैकी 168 कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. 2010 पर्यंत ती 3 वर आली. गेलेली कुटुंबं परत आली. रोजचं दूध दीडशे लिटरांवरून 4,000 लिटरांच्या आसपास गेलं.

चर आणि बंधारे हजारो गावांनी खोदले. मग हेच गाव का टिकलं? माझ्या मते दोन गोष्टींनी. पहिली, त्यांनी एक तंत्र नाकारलं. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, असा ठराव केला. बोअरचं यंत्र एका रात्रीत कित्येकशे फूट खाली जातं. ज्याच्याकडे पैसा किंवा पत आहे तो खोल जातो आणि शेजारच्या गरिबाची विहीर कोरडी पडते. मग तोही कर्ज काढून अधिक खोल जातो. इथे तंत्र आणि कर्ज एकमेकांना धरून गावाला खड्ड्यात नेतात, आणि हे आपल्या शेकडो गावांत घडलं आहे. उसासारख्या तहानलेल्या पिकालाही हिवरे बाजारने नकार दिला. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे, हे मोजायचं, प्यायला-जनावरांना किती लागेल ते आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. भूजल विभागाचं शास्त्र गावकऱ्यांच्या तोंडी आलं. पर्जन्यमापक हे काही मोठं यंत्र नाही. पण त्याचा आकडा साऱ्या गावासमोर वाचला जातो आणि त्या आकड्याप्रमाणे बागायतदारालाही वागावं लागतं. पैसा नंतर आला, बँकाही नंतर आल्या. पाणी असलेल्या गावाला कर्ज द्यायला सगळे तयार असतात.

नगरमध्ये 1993 मध्ये उभ्या राहिलेल्या वॉटर या संस्थेने फादर हर्मन बाकर यांच्या प्रेरणेने हेच काम शेकडो गावांत नेलं. पाणलोटाचं तिचं सूत्र आहे ‘माथा ते पायथा’. पहिलं काम डोंगरमाथ्यावर करायचं, कारण पाणी तिथून धावतं. आणि सहसा सर्वांत गरीब घरंही तिथेच, वरच्या मुरमाड जमिनीवर असतात. पायथ्याला बंधारा आधी बांधला तर खालच्या बागायतदाराचं भलं होतं आणि माथा तसाच राहतो. कर्जपुरवठ्याची आपली सगळी व्यवस्था आजवर पायथ्यापासून सुरू होत आली, असं मला वाटतं.

गेल्या पंधरा वर्षांत मात्र एक काम खरोखर माथ्यापासून सुरू झालं. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना सुरू झाली, 2016 मध्ये यूपीआय आलं. ज्यांना बँकेची पायरी ठाऊक नव्हती अशा बायकांच्या नावाने खाती उघडली. आज पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये आणि लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500 रुपये थेट खात्यात पडतात, मधल्या हातांना चिकटत नाहीत.

असा बदल किती खोल जाऊ शकतो, हे केनियात दिसलं. तिथे 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी 2016 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार तिच्यामुळे 1,94,000 कुटुंबं, म्हणजे देशातली सुमारे 2 टक्के, दारिद्र्यातून वर आली. कारण साधं होतं. घरात आजारपण आलं, पीक गेलं, की शहरातला भाऊ त्याच दिवशी पैसे पाठवू शकत होता, म्हणून गाय विकावी लागली नाही. कोल्हापूरकडच्या फडातून पाथर्डीला म्हाताऱ्या आईच्या औषधाला पैसे पाठवणाऱ्या मजुरालाही मोबाइलने हेच दिलं आहे. आधी ते पैसे गावाकडे जाणाऱ्या माणसाची वाट पाहत असत.

पण याच व्यवस्थेत निशाणी पुन्हा आली. नांगराच्या जागी कागदावरचा अंगठा आला होता, आता अंगठा यंत्रावर ठेवायचा. कोयत्याने, खुरप्याने, मुरमाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना यंत्र ओळखत नाही. ज्याने सर्वांत जास्त कष्ट केले त्याचाच अंगठा लागत नाही. आणि अंगठा लागला तरी पडद्यावर काय लिहिलं आहे, किती निघाले, किती उरले, हे वाचून दाखवणारा माणूस प्रामाणिक आहे की नाही यावर त्या बाईचे पैसे अवलंबून राहतात. बँक मित्राकडे पैसे काढलेत तर छापील पावती मागा. 1879 च्या कायद्यात पावतीचं कलम घालावं लागलं होतं, ते उगाच नव्हे.

1 जून 2017 रोजी राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध-भाजी शहराला पाठवायची नाही, असं शेतकऱ्यांनी ठरवलं आणि राज्य सरकारला दीड लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर करावी लागली. अर्ज ऑनलाइन भरायचे होते. नवरा-बायको दोघांची माहिती, दोघांचे अंगठे. सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या, सर्व्हर बंद पडले, याद्यांमध्ये चुका निघाल्या आणि वाटप रखडलं. खऱ्या लाभार्थ्यापर्यंत पोचण्यासाठी योजलेलं तंत्र काही काळ त्याच्याच वाटेत आडवं उभं राहिलं. त्याआधी नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली, तेव्हा 14 तारखेपासून जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली होती. शेतकऱ्याचं खातं तिथेच, आणि रब्बीच्या पेरण्या ऐन भरात.

आणखी एका वहीबद्दल बोलायचं राहिलं आहे. नगर हा पतसंस्थांचा जिल्हा. बाजारपेठेच्या गावात एका गल्लीत तीन-तीन पाट्या दिसतात. पिग्मी गोळा करणारा रोज दुकानाच्या दारात येतो, भाजीवालीचे पन्नास रुपयेही घेतो. मोठ्या बँकेला हे कधी जमलं नाही. लहान माणसाला बचतीची सवय आणि वेळेला कर्ज, दोन्ही पतसंस्थांनी दिलं, हे मी मनापासून मानतो. त्यातल्या काही बुडाल्या तेव्हा बुडाले तेही हेच लोक. 1910 मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. ती बँक होती, म्हणून तिच्या ठेवीदारांना 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विमा संरक्षण नाही. लेकीच्या लग्नासाठी एक-दोन टक्के जास्त व्याजाच्या आशेने पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्या किती जणांना हा फरक ठाऊक असतो?

त्या वहीची प्रत मात्र मागता येते, आणि कर्जखतावर नांगर काढणाऱ्या कुणब्याला नसलेला हा हक्क आपल्याला आहे. सहकारी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेआधी अहवाल छापला जातो. त्यात ताळेबंद असतो, थकबाकी असते, लेखापरीक्षणाचा वर्ग असतो. तुम्ही ज्या सोसायटीचे, पतसंस्थेचे किंवा दूध संस्थेचे सभासद आहात, तिच्या सभेला या सप्टेंबरात जा. अहवाल आधी मागून घ्या. स्वतःला कळत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्या, तिला थकबाकीचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा, आणि तो गेल्या वर्षीपेक्षा का वाढला हे उभं राहून विचारा.